खानदेशातील वैमानिक प्रशिक्षण आणि उड्डाणसुरक्षा

खानदेशातील वैमानिक प्रशिक्षण म्हणजे महाराष्ट्रातील धुळे व जळगाव जिल्ह्यांतील धावपट्ट्यांवरून दिले जाणारे नागरी विमानचालनाचे प्रशिक्षण होय. धुळ्याजवळील गोंदूर, शिरपूर तालुक्यातील तांडे आणि जळगाव विमानतळ ही या प्रशिक्षणाची तीन प्रमुख केंद्रे आहेत. तापीच्या खोऱ्यातील मोकळे आकाश, वर्षातील बहुतेक महिने मिळणारी स्वच्छ हवा आणि मोठ्या विमानतळांच्या वर्दळीपासूनचे अंतर या कारणांमुळे हा प्रदेश नवशिक्या वैमानिकांना सोयीचा ठरला. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. नवशिक्या वैमानिकाला कोणत्या दर्जाचे शिक्षण मिळते आणि ते किती सुरक्षितपणे दिले जाते, हा प्रश्न त्यानंतर या भागात विशेषत्वाने चर्चिला गेला.

धावपट्ट्या आणि संस्था

खानदेशात विमान उतरू लागले ते मुख्यतः शासकीय सोयीसाठी. जळगाव येथील धावपट्टी सार्वजनिक बांधकाम विभागाने १९७३ साली बांधली. धुळ्याची गोंदूर येथील धावपट्टीही त्याच दशकातली. मंत्र्यांचे दौरे, निवडणुकीचे दिवस आणि एखाद्या उद्योगपतीचे खासगी विमान एवढाच या पट्ट्यांचा दीर्घकाळ उपयोग होता. उरलेल्या वेळी तेथे वारा वाहत असे आणि गुरे चरत असत.

जळगावची धावपट्टी पुढे नगरपालिकेकडे, नंतर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली आणि अखेर भारतीय विमानतळ प्राधिकरणाने तिचा विकास हाती घेतला. नव्या स्वरूपातील विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. त्या जळगाव जिल्ह्याच्याच असल्याने या कार्यक्रमाचे जिल्ह्यात विशेष अप्रूप होते. धावपट्टीची लांबी सुमारे १,७०० मीटर असून तिची दिशा पूर्व-पश्चिम आहे. ‘उडान’ योजनेखाली मुंबई–जळगाव प्रवासी सेवा २३ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. पुढे ती अनेकदा खंडित झाली व वेगवेगळ्या कंपन्यांनी ती पुन्हा चालवून पाहिली. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ साली देशातील पाच विमानतळ नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी निवडले. बेळगावी, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबाडी यांच्या जोडीला त्यांत जळगावचे नाव होते.

गोंदूरच्या धावपट्टीवरील प्रशिक्षणाचे मूळ मुंबईत आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब ही १९२८ साली जुहू येथे स्थापन झालेली संस्था देशातील सर्वांत जुन्या उड्डाणसंस्थांपैकी एक होय. भारतातील पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला, तो याच काळात व याच वातावरणात. सांताक्रूझच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला खेटून असलेल्या जुहूच्या आकाशात नवशिक्यांना मोकळीक उरली नाही, तेव्हा क्लबने आपले प्रत्यक्ष उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला हलवले.

शिरपूर येथील केंद्र वेगळ्या प्रकारचे आहे. तापीकाठच्या या गावात श्री विलेपार्ले केळवणी मंडळाच्या शैक्षणिक संकुलाबरोबर विमानचालनाची अकादमीही उभी राहिली आणि तांडे गावाजवळील धावपट्टी तिच्या उपयोगात आली. तालुक्याच्या गावी उड्डाणशाळा असणे हे महाराष्ट्रात तरी विरळच.

परवाना आणि उड्डाणतास

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, विमानवाहतुकीचे नियम व तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा आणि रेडिओ दूरध्वनीचा वेगळा परवाना अशा पायऱ्या ओलांडाव्या लागतात. लेखी परीक्षेत उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण आवश्यक असतात.

प्रत्यक्ष उड्डाणाची अट २०० तासांची आहे. त्यांपैकी किमान १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उड्डाण केलेले असावे लागते. २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या प्रवासी स्वरूपाच्या उड्डाणाचे असून त्यांत ३०० सागरी मैलांचा एक प्रवास येतो. त्या प्रवासात दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. दहा तास केवळ उपकरणांकडे पाहून केलेल्या उड्डाणाचे आणि पाच तास रात्रीचे असतात. रात्रीच्या उड्डाणात दहा वेळा विमान उडवणे व दहा वेळा उतरवणे अपेक्षित असते.

हे आकडे किमान मर्यादा दाखवतात. प्रत्यक्षात मात्र ते अनेकांना अंतिम ध्येय वाटू लागतात, आणि वादाचे मूळ येथेच आहे. पटावर हजेरी लागली म्हणजे अभ्यास झाला असे होत नाही, हे शाळेत शिकवलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. नोंदवहीतल्या तासांचेही तसेच आहे. धावपट्टीभोवती ठरावीक चौकोनी फेरा मारून पुन्हा उतरणे हा अभ्यास अत्यावश्यक खरा. परंतु असे पन्नास तास आणि आडवा वारा, बदलते हवामान, अनोळखी विमानतळ यांचा सामना करीत काढलेले पन्नास तास यांची नोंद सारखीच होते.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण वारंवार दिले जाते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोलगन एअर कंपनीचे प्रवासी विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. विमानाचा वेग घटून पंखांची उचल नाहीशी होऊ लागली असता कप्तानाने नाक खाली करण्याऐवजी वर खेचले. या अपघातानंतर झालेल्या कायद्यामुळे तेथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. गंमत अशी की त्या विमानातील दोघाही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षा जास्तच होते. तासांची संख्या वाढवल्याने उणीव भरून निघते की शिकवण्याची रीत सुधारल्याने, यावर तेथे अजून एकमत नाही.

प्रशिक्षणाचा खर्च हाही सुरक्षिततेशी जोडलेला विषय आहे. परवाना हाती येईपर्यंत साधारणतः ४० ते ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक खर्च येतो. खानदेशातील केळी वा कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम उभी करण्यासाठी बहुधा शेती तारण ठेवावी लागते. विमान दुरुस्तीसाठी उभे राहिले, प्रशिक्षक नोकरी सोडून प्रवासी कंपनीत गेला किंवा पावसाने उड्डाणे थांबली, की अभ्यासक्रम लांबतो. कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. अशा वेळी ‘आज हवा थोडी खराब आहे, तरी जाऊन येऊ’ असा मोह होणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. उड्डाण रद्द करण्याचा निर्णय विद्यार्थ्याला निर्भयपणे घेता यावा, असे वातावरण राखणे हे उड्डाणशाळेचे काम आहे, आणि ते कोणत्याही परिपत्रकाने साधत नाही.

प्रदेश आणि हवामान

खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आहेत. मधून तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. खोरे सपाट असल्याने इंजिन बंद पडल्यास आणीबाणीत उतरण्यासाठी शेते उपलब्ध असतात. परंतु उत्तरेकडे थोडे अंतर जाताच जमीन झपाट्याने चढू लागते. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंभा शिखर १,३०० मीटरांहून उंच आहे. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या उत्तर सीमेवर जंगल आणि दऱ्या आहेत. सपाटीवरील सरावाला सोयीचा आणि डोंगराकडे वळताच कठोर होणारा, असा हा प्रदेश आहे.

उन्हाळा हे दुसरे आव्हान. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याची ओढ घटते आणि इंजिनात जाणारा प्राणवायूही कमी होतो. म्हणजे तिन्ही बाजूंनी तोटा. विमानाला प्रत्यक्षात जी उंची ‘जाणवते’ तिला घनता-उंची म्हणतात. तापमान प्रमाणित मूल्यापेक्षा एक अंशाने वाढले की घनता-उंची साधारण १२० फुटांनी वाढते, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. समुद्रसपाटीपासून २५० मीटर उंचीवरील धावपट्टीवर ४५ अंश तापमानात हा हिशेब केला, तर घनता-उंची सुमारे १,४०० मीटर भरते. याचा अर्थ असा की मे महिन्यातील दुपारी खानदेशच्या सपाटीवरून निघणारे विमान महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघाल्यासारखे वागते.

आकड्यांतच सांगायचे तर देशातील उड्डाणशाळांत रुळलेल्या सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाचे इंजिन ११० अश्वशक्तीचे आहे. समुद्रसपाटीवर प्रमाणित तापमानात ते मिनिटाला सुमारे ७१५ फूट चढते. वर सांगितलेल्या परिस्थितीत ही चढण जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. धावपट्टीवर धावण्याचे अंतर लांबते आणि समोरचा डोंगर ओलांडण्यास लागणारी जागा वाढते. मार्गदर्शक पुस्तिकेतील तक्ते हे सर्व सांगतात. पण तक्ता वाचणे आणि समोरचा डोंगर चढणीपेक्षा वेगाने वर येत आहे हे वेळीच ओळखून माघारी वळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच उन्हाळ्यात बहुतेक सराव पहाटे व सकाळी उरकला जातो. दुपारी तापलेल्या नांगरटीवरून उठणारे गरम झोत विमानाला वरखाली हेलकावे देतात, हेही त्यामागचे कारण असते.

वाऱ्याची दिशा मात्र बऱ्याच अंशी अनुकूल आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा पूर्व-पश्चिम धावपट्टीला समोरून मिळतो. तो किती जोराचा असतो याची खूण पाहायची तर साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्यांच्या रांगा पाहाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये सातपुड्याच्या कडेला ढग खाली उतरतात. जमीन दिसत राहिली पाहिजे, या अटीवरच नवशिक्याचे उड्डाण चालते. ढगात शिरल्यावर क्षितिज हरपते आणि कानातील तोलाची जाणीव चुकीची ग्वाही देऊ लागते. विमान वळत असताना ते सरळ जात आहे असे वाटणे हा या भासाचा नेहमीचा प्रकार आहे. अशा वेळी शरीरावर नव्हे तर उपकरणांवर विश्वास ठेवण्याची सवय लागावी म्हणून उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे तास अभ्यासक्रमात ठेवलेले आहेत. ते केवळ दहा आहेत, आणि त्यांतील पाचपर्यंत तास सिम्युलेटरवर झालेले चालतात.

प्रशिक्षक

छोट्या प्रशिक्षण विमानात दोघांसमोर दोन जोडनियंत्रणे असतात. विद्यार्थी चालवत असतो, प्रशिक्षक पाहत असतो. चूक होऊ द्यायची, कारण चुकीतूनच शिकणे होते. पण ती किती वाढू द्यायची आणि कोणत्या क्षणी ‘आता माझ्याकडे’ असे म्हणून दांडा हाती घ्यायचा, हे ठरवणे ही प्रशिक्षकाची खरी कसोटी असते. हात लवकर घातला तर विद्यार्थी परावलंबी होतो. उशिरा घातला तर दोघेही संकटात सापडतात. जमिनीजवळ ही मुभा काही सेकंदांचीच असते.

उदाहरणार्थ, वेग घटून पंखांवरील हवेचा प्रवाह तुटणे, ज्याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात, त्याचा सराव पुरेशा उंचीवर मुद्दाम करून घेतला जातो. नाक किंचित खाली करून वेग पुन्हा मिळवणे हा त्यावरचा उपाय आहे. तीन हजार फुटांवर हा धडा निरुपद्रवी असतो. तोच प्रकार उतरण्याच्या अखेरच्या वळणावर पाच-सहाशे फुटांवर घडला, तर सावरण्यास उंचीच उरत नाही. पंख एका बाजूला कलून विमान गिरकी घेऊ लागले तर त्याहून बिकट.

एकल उड्डाण म्हणजे प्रशिक्षकाशिवाय पहिल्यांदा विमान नेणे. हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या आयुष्यातील मोठा दिवस असतो. त्याची परवानगी देताना प्रशिक्षकाला तासांचा हिशेब सोडून माणूस पाहावा लागतो. कोणी पंधरा तासांत तयार होतो, कोणाला तीस लागतात. उशिरा तयार होणारा पुढे वाईट वैमानिक होतो असे अजिबात नाही.

प्रशिक्षकांची उणीव हा देशभरातील उड्डाणशाळांचा जुना प्रश्न आहे. प्रशिक्षकांचे वेतन प्रवासी कंपन्यांतील वेतनाच्या मानाने कमी असते, त्यामुळे अनुभव जमला की अनेक जण निघून जातात. मागे राहतात ते एक तर निवृत्तीनंतर शिकवण्यास आलेले ज्येष्ठ किंवा स्वतःच नुकते परवानाधारक झालेले तरुण. शाळामास्तरांच्या बाबतीत समाजाने जी चूक केली तीच येथेही झालेली दिसते.

वर्डी येथील अपघात

शिरपूरच्या अकादमीचे एक प्रशिक्षण विमान शुक्रवार, १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात कोसळले. विमानात प्रशिक्षक आणि एक प्रशिक्षणार्थी तरुणी असे दोघेच होते. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, तर प्रशिक्षणार्थी गंभीर जखमी झाली.

दुर्घटनेची जागा मोटार पोहोचण्यासारखी नव्हती. आवाज ऐकून परिसरातील आदिवासी ग्रामस्थ सर्वप्रथम तेथे पोहोचले. एका महिलेने दिलेल्या साडीची झोळी बांबूला बांधून त्यांनी जखमी तरुणीला डोंगरवाटेने, चिखलातून, रस्त्यापर्यंत वाहून आणले. पुढे तिला चोपडा येथे उपचारासाठी नेण्यात आले. तत्कालीन नागरी विमानवाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी शोक व्यक्त करून तपास पथक पाठवत असल्याचे जाहीर केले. मदत करणाऱ्या ग्रामस्थांचे पुढे ठिकठिकाणी कौतुक झाले.

अशा अपघातांचा तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरो करते. ही यंत्रणा २०१२ साली महासंचालनालयापासून वेगळी स्थापन झाली, कारण नियम घालणाऱ्यानेच त्या नियमांच्या अपयशाचा तपास करणे योग्य नव्हे. शिकागो करारान्वये या तपासाचा हेतू दोषी शोधणे हा नसून पुढील अपघात टाळणे हा असतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे : या लेखातील उष्णता, डोंगर, प्रशिक्षक यांविषयीचे विवेचन सर्वसाधारण आहे, त्यावरून वर्डीच्या अपघाताचे कारण ठरवू नये.

या अपघाताने एक व्यावहारिक उणीव उघड केली. प्रशिक्षण क्षेत्रात डोंगराळ भाग येत असेल, तर तेथे पडलेल्या विमानापर्यंत मदत कोण आणि कशी पोहोचवणार? धावपट्टीवरील अग्निशामक गाडी दरीत उतरू शकत नाही. विमानातील आपत्कालीन प्रक्षेपक उपग्रहाला ठावठिकाणा कळवू शकतो. मात्र त्या ठिकाणापर्यंत जाणारी पायवाट गावकऱ्यालाच माहीत असते.

देखरेख

महाराष्ट्रात नंतरच्या काळातही प्रशिक्षण विमानांचे अपघात झाले. गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथून निघालेले विमान १८ मार्च २०२३ रोजी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात कोसळून प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघांचाही मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच आठवड्यात दोन प्रशिक्षण विमाने कोसळली, तेव्हा महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले.

देखरेखीचा अधिक जुना आणि अधिक लाजिरवाणा प्रश्न खोट्या नोंदींचा आहे. २०११ साली देशात बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवणाऱ्या वैमानिकांची प्रकरणे उघडकीस आली. त्याच सुमारास राजस्थानात प्रत्यक्ष न केलेले उड्डाणतास नोंदवल्याचाही तपास झाला. त्यानंतर देशातील उड्डाणशाळांची तपासणी हाती घेण्यात आली. इंधनाचा हिशेब, इंजिनाच्या तासांची नोंद आणि विद्यार्थ्याची नोंदवही या तिन्ही एकमेकींशी ताडून पाहिल्या की खोटेपणा सहज पकडता येतो. प्रश्न ताडून पाहण्याच्या इच्छेचा असतो.

महासंचालनालयाने १ ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी जाहीर करण्यास प्रारंभ केला. कामगिरी, सुरक्षा, नियमपालन, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य अशा निकषांवर ही श्रेणी ठरते. पहिल्याच यादीत वरच्या श्रेणींत देशातील एकही संस्था बसली नाही. पालकांनी प्रवेशापूर्वी ही यादी पाहावी आणि तिच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : संस्थेची किती विमाने आज प्रत्यक्ष उडत आहेत, आणि एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत. चकचकीत पुस्तिकेत या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा नसतात.

लष्करी प्रशिक्षणाशी तुलना

नागरी उड्डाणशाळांवर टीका करताना हवाई दलाचा दाखला देण्याची प्रथा आहे. हवाई दलात विद्यार्थ्याला शुल्क भरावे लागत नाही, निवड कठोर असते आणि अपात्र ठरलेल्याला थांबवले जाते. हे फरक महत्त्वाचेच. तथापि तेथील इतिहासही निष्कलंक नाही. उड्डाणसुरक्षेविषयी १९८२ साली अहवाल देणाऱ्या ला फाँतेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची निकड सांगितली होती. अशी हॉक विमाने हवाई दलात दाखल होण्यास २००८ साल उजाडले. दरम्यानच्या काळात तरुण वैमानिक मंदगती विमानांवरून मिग-२१ सारख्या अतिवेगवान व उतरण्यास अवघड अशा लढाऊ विमानावर जात राहिले. प्राथमिक शिक्षणाचे दीपक हे विमान २००९ मधील एका जीवघेण्या अपघातानंतर जमिनीवर आणले गेले आणि त्याची जागा घेणारे पिलाटस प्रशिक्षणात रुजू होण्यास २०१३ साल उजाडले.

या विषयाला महाराष्ट्रात एक वैयक्तिक चेहरा लाभला. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ याचा १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे रात्री मिग-२१ उडवताना मृत्यू झाला. दोष वैमानिकावर ठेवणारा निष्कर्ष त्याच्या मातापित्यांनी, कविता गाडगीळ आणि हवाई दलातून निवृत्त झालेले अनिल गाडगीळ यांनी, स्वीकारला नाही. त्यांनी सुरक्षित उड्डाणासाठी दीर्घ लढा दिला आणि तरुण वैमानिकांना सिम्युलेटरवर सराव मिळावा यासाठीही खटपट केली. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अहवालात लिहिले म्हणजे तपास संपत नाही. ती चूक टाळण्याचे शिक्षण त्याला मिळाले होते काय, हा पुढचा प्रश्न या मातापित्यांनी सार्वजनिक चर्चेत आणला.

वैमानिक प्रशिक्षणातील सर्वांत अवघड टप्प्यांपैकी एक म्हणजे हवेत इंधन भरणे. हवाई दलाची इल्युशिन-७८ ही इंधनवाहू विमाने २००३ पासून आग्रा येथील ७८ व्या स्क्वाड्रनमध्ये आहेत. इंधनवाहू विमान लांब नळी सोडते, नळीच्या टोकाला टोपलीसारखा भाग असतो आणि मागून येणारे लढाऊ विमान आपली नळी त्या टोपलीत घालते. नाशिकजवळ ओझर येथे बांधल्या गेलेल्या सुखोई-३० विमानांत ही सोय आहे. मागच्या वैमानिकाचे कौशल्य लोकांच्या डोळ्यांत भरते; परंतु पुढचे प्रचंड विमान वेग, उंची व दिशा यांत तसूभरही चळू न देणे हे तितकेच कठीण काम आहे, कारण त्याच्या मागील हवेची खळबळ मागच्या विमानाला भोवते. त्यामुळे या कामावर कोऱ्या पाटीचा वैमानिक नेमला जात नाही. वाहतूक विमानांवरील अनुभवानंतरच तो तेथे पोहोचतो.

अशा कौशल्याला सातत्य लागते आणि सातत्याला विमाने लागतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालानुसार २०१० ते २०१६ या काळात इंधनवाहू विमानांची सरासरी उपलब्धता अपेक्षित ७० टक्क्यांऐवजी ४९ टक्केच होती. उभ्या असलेल्या विमानावर सराव होत नाही. दुरुस्तीच्या प्रतीक्षेत उभ्या असलेल्या दोन आसनी विमानाजवळ ताटकळणारा उड्डाणशाळेतील विद्यार्थी आणि आग्र्याचा लष्करी वैमानिक यांची अडचण या बाबतीत एकाच जातीची आहे.

भाषा

विमानवाहतुकीतील रेडिओ संभाषण इंग्रजीत चालते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने वैमानिकांसाठी भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या असून किमान चौथी पायरी आवश्यक आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि रेडिओवर इंग्रजी असा प्रवास करणाऱ्या खानदेशी विद्यार्थ्याला पहिले काही महिने जड जातात. नियंत्रकाची सूचना नीट न समजता ‘होय’ म्हणणे हा नवशिक्यांचा सर्वत्र आढळणारा दोष आहे. म्हणूनच ऐकलेली सूचना शब्दशः परत म्हणून दाखवण्याची पद्धत सक्तीची आहे, आणि न कळल्यास पुन्हा विचारण्यात कमीपणा मानला जात नाही.

उच्चाराची ढब हा यातील अडथळा नव्हे. चौथी पायरी गाठण्यास सफाईदार इंग्रजी लागत नाही; शब्द समोरच्याला स्पष्ट कळले पाहिजेत आणि अनपेक्षित प्रसंगी, ठरलेली वाक्ये अपुरी पडतात तेव्हा, साध्या शब्दांत अडचण सांगता आली पाहिजे. काही प्रशिक्षक आणीबाणीतील कृतिक्रम विद्यार्थ्याकडून आधी त्याच्या स्वतःच्या भाषेत वदवून घेतात व नंतर इंग्रजीत पाठ करवतात. मराठीत धावपट्टी, अवतरण, उंची, उचल हे शब्द रुळलेले आहेत. स्टॉल, सर्किट, सोलो यांना मात्र हँगरमध्ये कोणी पर्याय शोधत बसत नाही.